खरा मेल स्पॅममध्ये, खोटा मेल इनबॉक्समध्ये : असं का होतं?

गेल्या वर्षी एकाच आठवड्यात दोन घरं आमच्याकडे आली. दोन्ही घरांची तक्रार मेलबद्दलच होती, पण एकमेकींच्या अगदी उलट.

पहिल्या घरातली मुलगी बारावीत शिकत होती. तिने एका शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला होता. त्यासाठी तिच्या अम्मीने मोबाईलवर नवीन मेल खातं उघडून दिलं होतं. संस्थेकडून मेल आला : अभिनंदन, तुमचा अर्ज पहिल्या टप्प्यात पात्र ठरला आहे; मार्कशीटची प्रत अस्पष्ट आहे; सात दिवसांच्या आत तात्काळ पुन्हा अपलोड करा. मुलीने तो मेल वाचला अकराव्या दिवशी, कारण तो इनबॉक्समध्ये आलाच नव्हता. स्पॅमच्या फोल्डरमध्ये पडून होता. "सर, मी रोज मेल बघत होते हो," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

दुसऱ्या घरातले वडील वेल्डिंगचं काम करतात. त्यांच्या मुलाला आखातातल्या नोकरीचा मेल आला. मेलमध्ये दोनच ओळी होत्या. वर मुलाचं पूर्ण नाव, खाली "सोबतचं पत्र पाहा". पत्र पीडीएफ होतं. त्यात अभिनंदन होतं, पगार होता, शिक्का होता आणि व्हिसाच्या प्रोसेसिंगसाठी १८,५०० रुपये तात्काळ भरा असंही होतं. पैसे भरले. पुढे ना व्हिसा आला, ना फोन लागला. वडील आम्हाला म्हणाले, "सर, कचरा मेल तर वेगळ्या डब्यात जातात ना? हा तर सरळ आत आला होता. मशीनने आत सोडला म्हणजे खराच असणार, असं आम्हाला वाटलं."

मुलीचा खरा मेल कचऱ्यात गेला आणि मुलाचा खोटा मेल सन्मानाने आत आला. मग हे मशीन ठरवतं तरी कसं? याचं उत्तर शाळेच्या गणितात आहे. दहावीच्या बीजगणितात 'संभाव्यता' नावाचं प्रकरण आहे. उर्दूत त्यालाच एहतेमाल म्हणतात. मुलं त्यात फासे टाकतात, पत्ते काढतात आणि परीक्षा झाली की विसरून जातात. पुढे अकरावी-बारावीला त्याचाच एक भाग येतो, सशर्त संभाव्यता. मेलची सगळी झडती याच भागावर उभी आहे. ही गोष्ट प्रत्येक घराला कळावी असं आम्हाला वाटतं, म्हणून हा लेख.

मागच्या बाकावरची मुलं

सशर्त म्हणजे अटीसह. एक गोष्ट कळली आहे, ही अट धरून दुसरी गोष्ट असण्याची शक्यता किती, हा प्रश्न. ऐकायला सोपं वाटतं, पण इथेच शिकलेली माणसंही घसरतात. आमच्या रोजच्या कामातलंच उदाहरण घेऊ.

समजा वर्गात ६० मुलं आहेत. चाचणीत ८ नापास झाली. त्या ८ पैकी ६ मागच्या बाकांवर बसणारी. स्टाफरूममध्ये लगेच कुणीतरी म्हणतं, "बघा, नापासांपैकी ७५ टक्के मागचेच! मागे बसणारा म्हणजे नापास होणारा."

आता उलट बाजूने मोजा. मागच्या बाकांवर एकूण २४ मुलं बसतात. त्यातली ६ नापास, म्हणजे २५ टक्के. मागे बसलेल्या चार मुलांपैकी तीन पास आहेत.

दोन्ही आकडे खरे आहेत, पण ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. 'नापास असेल तर मागे बसणारा असण्याची शक्यता' ७५ टक्के. 'मागे बसणारा असेल तर नापास असण्याची शक्यता' २५ टक्के. अट बदलली की उत्तर बदलतं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याला चिकटवलं की अठरा मुलांवर फुकटचा आळ येतो.

मागचा बाक ही खूण अगदीच निरुपयोगी आहे, असं मात्र नाही. पूर्ण वर्गात नापासांचं प्रमाण १३ टक्के होतं, मागच्या बाकांवर ते २५ झालं. म्हणजे खुणेने शंका वाढवली. पण शंका वाढणं वेगळं आणि निकाल लागणं वेगळं. हीच उलटापालट माणसांच्या नावावरून, दाढीवरून, कपड्यांवरून केली जाते तेव्हा तिची किंमत काय असते, हे आमच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. आज आपण मेलपुरतंच बोलू.

शब्दांची मोजणी

स्पॅम म्हणजे न मागता थव्याने येणारे जाहिरातीचे किंवा फसवणुकीचे मेल. असा पहिला मेल १९७८ साली अमेरिकेत गेला, असं मानलं जातं. डिजिटल इक्विपमेंट या कंपनीचे गॅरी थ्यूर्क यांनी नव्या कंप्युटरची जाहिरात त्या वेळच्या आर्पानेट या जाळ्यावरच्या सुमारे ४०० लोकांना एकदम पाठवली. नाव मात्र नंतर पडलं. स्पॅम हा अमेरिकेत १९३७ पासून विकला जाणारा डुकराच्या मांसाचा डबा. १९७० साली ब्रिटिश टीव्हीवर एक विनोदी प्रसंग आला, त्यात हॉटेलातल्या जवळजवळ प्रत्येक पदार्थात तोच डबा घातलेला असतो आणि तेच नाव कानावर आदळत राहतं. नको असताना पुन्हा पुन्हा समोर येणारी गोष्ट म्हणून तो शब्द मेलला चिकटला. आपल्या घरांत तो डबा कधी येणार नाही, पण त्याचं नाव मात्र प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये बसलं आहे.

सुरुवातीला स्पॅम अडवायला लोक नियम लिहायचे. मेलमध्ये 'फुकट' दिसलं की अडवा, 'बक्षीस' दिसलं की अडवा. पण मग शाळेच्या बक्षीस समारंभाचं निमंत्रणही अडायला लागलं. म्हणून पुढे दुसरी वाट काढली गेली : नियम लिहू नका, मोजणी करा.

समजा एका खात्यातले २०० मेल आपण हाताने निवडले. तांदूळ निवडतो तसे. १२० स्पॅम निघाले, ८० खरे. आता दोन्ही ढिगांत एकेक शब्द किती मेलमध्ये येतो ते मोजू. आकडे हिशेबाला सोपे जावेत म्हणून आम्ही मानले आहेत.

'अभिनंदन' हा शब्द १२० स्पॅमपैकी ४८ मध्ये सापडला, म्हणजे ४० टक्के. ८० खऱ्यांपैकी ४ मध्ये, म्हणजे ५ टक्के. आता नवीन मेल आला, त्यात 'अभिनंदन' आहे. तो स्पॅम असण्याची शक्यता किती? ४० टक्के म्हणाल तर मागच्या बाकाचीच चूक झाली. तो शब्द असलेले एकूण मेल ४८ अधिक ४, म्हणजे ५२. त्यातले ४८ स्पॅम. ४८ भागिले ५२ म्हणजे ९२ टक्के. हे खरं उत्तर.

आता 'शिष्यवृत्ती' घ्या. समजा तो १८ स्पॅममध्ये आला आणि १२ खऱ्यांत. एकूण ३०, त्यात १८ स्पॅम, म्हणजे ६० टक्के. पण काहीही न वाचता या खात्यातला कुठलाही मेल उचलला, तरी तो स्पॅम असण्याची शक्यता २०० पैकी १२०, म्हणजे ६० टक्केच होती. मग 'शिष्यवृत्ती' वाचून आपल्याला काय कळलं? काहीच नाही. दोन्ही ढिगांत त्याचं प्रमाण १५ टक्केच आहे. जो साक्षीदार दोन्ही बाजूंनी सारखंच बोलतो, त्याची साक्ष काय कामाची?

तोच शब्द, दुसरं खातं

आता एक गोष्ट अशी, जी आमच्या हुशार मुलांनाही पहिल्यांदा पटत नाही. शाळेच्या कार्यालयाचं एक खातं घेऊ. तिथेही २०० मेल, पण स्पॅम फक्त २०. बाकी १८० खरे. 'अभिनंदन' शब्दाची सवय तीच : स्पॅममध्ये ४० टक्के, खऱ्यांत ५ टक्के. मग २० स्पॅमपैकी ८ मध्ये तो येणार आणि १८० खऱ्यांपैकी ९ मध्ये. एकूण १७, त्यात स्पॅम ८. म्हणजे ४७ टक्के.

शब्द तोच, त्याची सवयही तीच. एका खात्यात ९२ टक्के, दुसऱ्यात ४७. फरक पडला तो मुळातल्या प्रमाणाने. त्या खात्यात कचरा आधीच किती येतो, यावर संशयाची सुरुवात कुठून करायची ते ठरतं. खूण बघण्याआधीच्या शक्यतेला गणितात पूर्व संभाव्यता म्हणतात आणि खूण बघितल्यानंतरच्या शक्यतेला उत्तर संभाव्यता.

म्हणूनच एका माणसाचं मोजमाप दुसऱ्याला जसंच्या तसं लावून चालत नाही. 'उमराह', 'पॅकेज', 'सवलत', 'शेवटच्या जागा' हे शब्द एखाद्याच्या खात्यात निव्वळ जाहिरात असतील. पण ज्याचं टूर्सचं दुकान आहे, त्याच्या खात्यात तेच रोजीरोटीचे शब्द आहेत. त्याने ते अडवले तर गिऱ्हाईकच गेलं.

एका शब्दावर निकाल नाही

खरं मशीन एका शब्दावर थांबत नाही. ते सगळ्या खुणा घेतं आणि गुणाकार करतं. तेही करून बघू. यासाठी टक्क्यांपेक्षा 'कितीस किती' ही जुनी बाजारातली रीत सोपी पडते.

आपल्या पहिल्या खात्यात १२० स्पॅमला ८० खरे, म्हणजे दीडास एक. ही सुरुवात. आता प्रत्येक खुणेचा जोर काढायचा : स्पॅममधलं तिचं प्रमाण भागिले खऱ्यांतलं प्रमाण.

'अभिनंदन' : ४० भागिले ५, म्हणजे ८ पट.

'तात्काळ' : समजा ३० टक्के स्पॅममध्ये, २० टक्के खऱ्यांत. म्हणजे दीडपट. खऱ्या कार्यालयांनाही घाई असतेच.

'फी भरा' : समजा २० टक्के आणि अडीच टक्के, म्हणजे ८ पट.

खातेदाराचं पूर्ण नाव : समजा अडीच टक्के स्पॅममध्ये आणि ५० टक्के खऱ्यांत. म्हणजे शंका वीस पट कमी.

आता मुलीचा मेल तोलू. सुरुवात दीड. 'अभिनंदन' आहे, म्हणून गुणिले ८, झाले १२. 'तात्काळ' आहे, गुणिले दीड, झाले १८. अठरास एक म्हणजे १९ पैकी १८, जवळपास ९५ टक्के स्पॅम. मेलमध्ये तिचं पूर्ण नाव होतं, तेही मोजलं तर? १८ भागिले २० म्हणजे ०.९. शक्यता ४७ टक्क्यांवर उतरते आणि मेल आत येतो. पण खातं नवीन होतं. खरा मेल कसा दिसतो हे त्या खात्याने कधी पाहिलेलंच नव्हतं. तिच्या बाजूचा सर्वांत मोठा साक्षीदार हजर होता, पण त्याला ओळखणारं कुणी नव्हतं.

आता मुलाचा मेल. पत्रातला मजकूर मेलमध्येच लिहिला असता, तर 'अभिनंदन', 'तात्काळ', 'फी भरा' हे तिन्ही सापडले असते : दीड गुणिले ८ गुणिले दीड गुणिले ८, म्हणजे १४४ ला एक. ९९ टक्क्यांच्या वर. पण ठगाने हे सगळं पीडीएफमध्ये दडवलं आणि मेलमध्ये ठेवलं फक्त मुलाचं नाव, जे नोकरीच्या अर्जावरून कुणालाही मिळू शकतं. शब्द मोजणाऱ्या मशीनला दिसलं काय? दीड भागिले २०, म्हणजे ०.०७५. शक्यता फक्त ७ टक्के. मेल आत.

मोठ्या कंपन्यांची आजची यंत्रणा याच्या कितीतरी पुढे गेली आहे. पाठवणाऱ्याचा पत्ता, लिंक कुठे नेते, सोबतची फाईल, इतर लाखो लोकांनी तसल्या मेलचं काय केलं, हे सगळं ती बघते. आमचा हिशेब म्हणजे त्याचं साधं रूप. पण मूळ गाभा तोच आहे : खुणा मोजा, तोला, शक्यता काढा. मशीनजवळ खात्री नसते, अंदाज असतो. इनबॉक्समध्ये आलेला मेल म्हणजे तपासून मंजूर झालेला मेल नव्हे. शंकेचा काटा रेषेच्या खाली राहिला, एवढाच त्याचा अर्थ.

रेषा कुठे ओढायची?

ही रेषा कुणीतरी ठरवतं, आणि तिथे नुसतं गणित चालत नाही, न्याय लागतो. चुका दोन प्रकारच्या. स्पॅम आत आला, ही पहिली. खरा मेल बाहेर राहिला, ही दुसरी. पहिली चूक दिसते. आपण वैतागतो आणि मेल पुसून टाकतो. दुसरी चूक दिसतच नाही. जो मेल आलाच नाही, त्याची तक्रार कोण करणार? मुलीला अकरा दिवस माहीतच नव्हतं की काहीतरी हरवलं आहे.

म्हणून रेषा ५० टक्क्यांवर ओढत नाहीत. पॉल ग्रॅहम या अमेरिकी प्रोग्रॅमरने २००२ साली याच पद्धतीवर एक लेख लिहिला आणि ही पद्धत घराघरांतल्या कंप्युटरवर पोचली. त्यांनी रेषा ९० टक्क्यांवर ठेवली होती. शिवाय खऱ्या मेलमधल्या शब्दांची मोजणी ते दुप्पट धरत, म्हणजे संशयाचा फायदा मेलला मिळावा. मेलमधल्या सगळ्या शब्दांऐवजी सर्वांत जास्त बोलके १५ शब्दच ते हिशेबात घेत. त्यांच्या आधी, १९९८ मध्ये, मेहरान सहामी आणि मायक्रोसॉफ्टमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनीही याच वाटेचा शोधनिबंध मांडला होता. त्यांचंही म्हणणं हेच होतं की दोन चुकांची किंमत सारखी धरू नये.

नियम मात्र खूप जुना आहे. थॉमस बेझ हे इंग्लंडमधले पाद्री. १७६१ मध्ये ते वारले. त्यांच्या कागदांत हा विचार सापडला आणि त्यांचे मित्र रिचर्ड प्राइस यांनी तो १७६३ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आणला. आज त्याला बेझचा नियम म्हणतात. लिखाण मोजून त्यातलं गुपित काढण्याची कल्पना तर त्याहून जुनी. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-किंदी यांनी सांकेतिक लिपी कशी उलगडावी यावर लिहिलं होतं : कुठली खूण किती वेळा येते ते मोजा आणि भाषेतल्या अक्षरांच्या नेहमीच्या प्रमाणाशी ताडून बघा. तो बेझचा नियम नव्हता. पण मजकुराचा अर्थ न लावता, नुसत्या मोजणीतून त्याच्याबद्दल काही कळू शकतं, ही गोष्ट तेव्हाच कागदावर आली होती.

हिशेब कुठे फसतो?

हे गणित कुठे लंगडं पडतं, तेही सांगितलं पाहिजे.

पहिली गोष्ट, न पाहिलेला शब्द. समजा एखादा शब्द आपल्या १२० स्पॅममध्ये एकदाही आला नाही. त्याचं प्रमाण शून्य. शून्याने गुणलं की सगळा गुणाकार शून्य. म्हणजे बाकी दहा खुणा ओरडून स्पॅम म्हणत असल्या तरी तो एकटा शब्द मेलला निर्दोष ठरवणार. हे चुकीचं आहे. शंभर-दोनशे मेलमध्ये दिसलं नाही म्हणजे जगात नाही, असं होत नाही. उपाय साधा आहे : प्रत्येक शब्द एकदा जास्त पाहिला आहे असं धरून मोजायचं, म्हणजे शून्य उरतच नाही. या युक्तीला फ्रेंच गणिती लाप्लास यांचं नाव जोडलेलं आहे.

दुसरी गोष्ट, एकाच साक्षीदाराची चार तोंडं. आपण सरळ गुणाकार केला, म्हणजे प्रत्येक खूण स्वतंत्र आहे असं मानलं. पण 'अभिनंदन', 'निवड', 'विजेते' हे शब्द टोळीने फिरतात. मोहल्ल्यात एकाने अफवा सोडली आणि चार जणांनी ती येऊन सांगितली, तर चार साक्षी झाल्या का? साक्ष एकच, तोंडं चार. मशीन मात्र चारही मोजतं आणि उगाच ठाम होतं. म्हणून या पद्धतीला गणितात भोळी बेझ पद्धत असंच नाव आहे. गंमत म्हणजे भोळी असूनही ती बऱ्यापैकी चालते, कारण आपल्याला नेमके टक्के नको असतात. मेल रेषेच्या वर की खाली, एवढंच हवं असतं.

तिसरी गोष्ट, समोरचा ठगही शिकत असतो. शब्दाच्या मधे ठिपके टाकायचे, मजकूर चित्रात लिहायचा, खाली कुठल्यातरी बातमीचे चार साधे परिच्छेद चिकटवायचे, म्हणजे निष्पाप शब्दांची संख्या वाढते. म्हणून मोजणी एकदा करून भागत नाही, ती चालूच ठेवावी लागते.

आपल्या घरात काय करावं?

मशीनला शिकवणारे आपणच आहोत. खरा मेल स्पॅममध्ये सापडला तर तो नुसता वाचून सोडू नका, 'स्पॅम नाही' हे बटण दाबा. कचरा आत आला तर नुसता पुसू नका, 'स्पॅम' म्हणून कळवा. या प्रत्येक बटणाने दोन ढिगांची मोजणी सुधारते. ज्या संस्थेकडून उत्तर यायचं आहे, तिचा पत्ता आधीच संपर्कात जोडून ठेवा. मेल आत येण्याची शक्यता वाढते.

अर्ज केला असेल त्या दिवसांत स्पॅमचं फोल्डर दोन दिवसांतून एकदा उघडा. जीमेलमध्ये स्पॅममधला मेल ३० दिवसांनी आपोआप कायमचा पुसला जातो, हे ध्यानात ठेवा. नवीन खातं असेल तर रोज बघा.

आणि पैशाचा मेल आला की मशीनचा निकाल बाजूला ठेवून स्वतः तीन प्रश्न विचारा. एक : या मेलच्या आधी मी काही अर्ज केला होता का? ही तुमची पूर्व संभाव्यता. अर्जच नाही तर निवड कशी होणार? दोन : ही खूण खऱ्या मेलमध्येही इतकीच सापडते का? शिक्का, लोगो, तुमचं नाव हे दोन्ही ढिगांत असतं. त्यावर भरवसा टाकू नका. तीन : हे मी दुसऱ्या वाटेने तपासू शकतो का? मेलमधल्या नंबरवर फोन करणं ही दुसरी वाट नव्हे, तो त्याच साक्षीदाराचं दुसरं तोंड आहे. संस्थेची वेबसाईट स्वतः उघडून तिथला नंबर घ्या. परदेशी नोकरी असेल तर एजंट नोंदणीकृत आहे का, ते परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर बघता येतं. पैसे गेलेच तर लाजेखातर गप्प बसू नका. १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाईनवर लगेच फोन करा. जितक्या लवकर कळेल, तितके पैसे मधेच अडवले जाण्याची आशा जास्त.

वेल्डिंगवाल्या भाईंनी फोन केला तो नवव्या दिवशी. आधी कुणाला सांगावं की नाही यातच दिवस गेले. मुलीने संस्थेला विनंतीपत्र लिहिलं, आम्हीही सही केली, पण तारीख उलटली होती. यंदा तिने दुसऱ्या ठिकाणी अर्ज केला आहे. आता तिच्या खात्यात वर्षभराचे मेल आहेत, संस्थेचा पत्ता संपर्कात आहे आणि स्पॅमचं फोल्डर ती स्वतः उघडून बघते.

घरी मुलांना घेऊन एकदा एवढं करून बघा. तुमच्या खात्यातले इनबॉक्सचे वीस आणि स्पॅमचे वीस मेल घ्या. लिंकवर बोट न लावता नुसते वाचा, आणि चुकीच्या ढिगात पडलेला मेल दिसला तर तो हलवा. मग एक शब्द निवडा, दोन्हीकडे मोजा आणि मुलांना विचारा : हा शब्द दिसला तर मेल स्पॅम असण्याची शक्यता किती? पोरगं स्पॅममधल्या शब्दाचं प्रमाण सांगून मोकळं झालं तर रागावू नका. त्याला मागच्या बाकाची गोष्ट सांगा.